चीफचे ‘आमचे’

चीफ आपल्या संघाचं नाव कधी घेत नसत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, त्याच पद्धतीनं ते फक्त ‘आमचे’ म्हणत. “आमचे काल हरले.” “आमच्यांना यंदा एक डावखुरा हवाच आहे.” “आमच्यांकडे अक्कल कमी, हौस फार.” सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी खोली भाड्यानं घेतली, तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं की हे गृहस्थ एका मोठ्या, भांडखोर एकत्र कुटुंबाबद्दल बोलतायत.

संघ बेसबॉलचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या शहरातला, व्यावसायिक खेळाडूंचा. टीव्हीशेजारच्या खुंटीवर लटकणाऱ्या टोपीवर त्यांचं अक्षर होतं, त्यामुळे नाव मला लवकरच कळलं. पण चीफचा नेम मी इथं मोडत नाही.

‘चीफ’ हेही त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. जहाजावर चीफ इंजिनिअर झालेला माणूस जमिनीवर उतरला, निवृत्त झाला, विधुर झाला, तरी चीफच राहतो. मला ते ‘सेकंड’ म्हणत. मी राहायला गेले त्याच संध्याकाळी फ्रिजवर तीन याद्या लावल्या: बाजार, दुरुस्त्या आणि कचरा कुठल्या वारी कुणी टाकायचा. त्या त्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि म्हणाले, “जहाज चीफच्या नावावर चालतं आणि सेकंड इंजिनिअरच्या याद्यांवर. बरं झालं आलात, सेकंड.” पुढची तीन वर्षं हेच नाव राहिलं. मला ते आवडायचं. ऑफिसात मला जे म्हणतात त्यापेक्षा बरं होतं.

मी तेव्हा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कामाला होते. नवरा आणि मुलगी पुण्यात. एकटीनं राहायचं तर काम नीट आखून घ्यावं लागतं, असं माझं मत आहे. चीफचं मत थोडं वेगळं होतं. ते म्हणत, “एकट्या माणसाला एक संघ पाहिजे. देव चालतो, पण देव रोज खेळत नाही.”

आमचे रोज खेळत. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ दररोज. तिथली संध्याकाळ म्हणजे सिंगापूरची सकाळ, त्यामुळे सामना सातच्या सुमाराला सुरू व्हायचा. चीफ त्याआधी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसत. घरात कुणी नसलं तरी शर्ट इस्त्रीचाच. मी एकदा विचारलं, “घरातच तर आहात, बनियनवर बसलात तर काय होईल?” तर म्हणाले, “ते गणवेशात असतात ना.”

सिंगापूरमधल्या मराठी मंडळींना त्यांचं हे खूळ कळत नसे. गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, “चीफ, कालची मॅच बघितली का?” म्हणजे क्रिकेटची. चीफ शांतपणे सांगायचे, “मी क्रिकेट बघत नाही हो. एका जन्मात एकच लग्न झेपतं.” आणि माणूस मोदकाकडे वळायचा.

हे लग्न जमलं कसं, ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ते फोर्थ इंजिनिअर असताना त्यांच्या जहाजाचा मालक बुडाला आणि जहाज त्या बंदरात अडकलं. महिनेच्या महिने धक्क्याला बांधलेलं. पगार नाही, घरी जायला तिकीट नाही, जहाज सोडून जायची मुभा नाही. खलाशांची विचारपूस करणारा एक म्हातारा पाद्री यायचा. तो एक रेडिओ देऊन गेला. त्यावर रोज संध्याकाळी सामन्याचं वर्णन लागायचं. इंजिन बंद, पंखे बंद, आणि त्या गप्प जहाजात एक माणूस शांत आवाजात सांगतोय की आता कोण खेळायला आलाय, तो कुठल्या गावचा, त्याच्या बापाचं गॅरेज आहे. “पहिले पंधरा दिवस मला एक अक्षर समजलं नाही,” चीफ म्हणाले. “पण तो माणूस रोज यायचा. न चुकता. आमच्याकडे दुसरं कुणी येत नव्हतं.”

पाद्र्यानं खास परवानगी काढून त्यांना एकदा गाडीत घालून मैदानावर नेलं. प्रत्यक्ष पाहिलेला तो एकच सामना. त्यानंतर पूर्ण आयुष्य लांबूनच. ते जगभर फिरले आणि जिथे जहाज लागेल तिथे शिळी वर्तमानपत्रं शोधत राहिले. महिन्यांनी कळायचं की ज्याच्यासाठी आपण बोटीवर मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो, त्याला आमच्यांनी कधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकलंय. ते हे हसत सांगायचे. पण हसू पुरं होण्याआधी चहा प्यायचे.

त्या खेळात संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. हंगाम चालू असतानाही. माणूस सकाळी एका गावात घर मांडून बसलेला असतो आणि दुपारी त्याला सांगतात, उद्यापासून तू तिकडचा. चीफना सामन्यापेक्षा याचंच वेड अधिक. कोणाला कधी, कोणाच्या बदल्यात, कुठं दिलं, हे त्यांना चाळीस वर्षांमागचं तोंडपाठ होतं. ज्या दिवसानंतर हंगामात अदलाबदल करता येत नाही, तो दिवस जुलैअखेर येतो. त्या आठवड्यात ते जेवायचे नाहीत, नुसतं चिवडत बसायचे.

एका जुलैत हा प्रसंग घडला. मी कामावर निघाले होते. चीफ टेबलाशी बसले होते, टीव्ही बंद, चहा तसाच.

“गेला,” ते म्हणाले.

“कोण?”

“आमचा धाकटा.”

मी पिशवी खाली ठेवली. “अरे देवा. अचानक?”

“अचानक कसलं. महिनाभर कुणकुण होती. पण मनाला पटत नव्हतं.” आणि ते उठून खोलीत गेले, दार लावून घेतलं.

मी कामाची बाई. कुणी धाकटा पुतण्या-भाचा असणार असं धरून बसमध्ये बसल्याबसल्या ब्लॉकमधल्या मराठी ग्रुपवर कळवलं. रजा मिळेल का पाहिलं, नाही मिळाली. संध्याकाळी परत आले तर चौथ्या मजल्यावरच्या वहिनी डब्यात पिठलं-भात घेऊन दारात उभ्या, कारण दुःखाच्या घरी चूल पेटवायची नसते. त्यांच्यामागे त्यांचे यजमान पांढऱ्या कुडत्यात. चीफना पिठलं पाहून मनापासून आनंद झाला. “वा! कशाबद्दल?” असं ते म्हणालेही, पण दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून आम्ही सोडून दिलं.

सगळे बसलो. यजमानांनी घसा साफ केला. “वय काय होतं, चीफ?”

“सत्तावीस.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. “लग्न?”

“झालंय ना. एक मुलगी आहे. एवढीशी.” चीफनी भाताचा घास घेतला. “वहिनी, पिठलं फर्स्ट क्लास.”

“त्या पोरीचं आता कसं हो व्हायचं?”

“कसं म्हणजे? नेईल की तो तिला! तिकडं घरं मोठी मिळतात.”

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. शेवटी मीच विचारलं, “तिकडं म्हणजे कुठं, चीफ?”

“टेक्सासला.”

वहिनी पुढे दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या यजमानांनी मात्र जाताना लिफ्टमध्ये मला विचारलं की बदल्यात कोण मिळालं. ‘गेला’ हा शब्द मी घरात बंद केला. चीफनी एक दिवस विचार करून ‘दिला’ हा शब्द काढला. “मुलगी देतात तसं,” ते म्हणाले. “आमचा धाकटा टेक्सासला दिला. बरोबर आहे ना? त्यालाही कुणी विचारलं नाही.” त्यानंतर ते जुन्या खेळाडूंबद्दलही असंच बोलू लागले. अमका शिकागोला दिला, तिथं त्याचं काही बरं झालं नाही. तमका दिला तो परत आला, उतारवयात, एका हंगामापुरता. दिलेल्या प्रत्येकाची खबर ते ठेवायचे. तो आता आमच्यांविरुद्ध खेळत असला तरी त्यानं चांगलं खेळावं आणि आमच्यांनी जिंकावं, अशी दुहेरी काळजी वाहायचे.

ऑक्टोबरनंतर सामने नसत. ते महिने वाईट. चीफ दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि कुठला तरी जुना सामना लावून बसायचे. कोण जिंकणार हे माहीत असलेला. सामना संपला की खाली हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांत कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला जायचे. तिथं त्यांचा एक चिनी मित्र होता, निवृत्त टॅक्सीवाला. त्याला इंग्लंडमधल्या फुटबॉलचं वेड. दोघं समोरासमोर बसून आपापल्या संघाबद्दल बोलायचे. दुसऱ्याचं ऐकायचं असा त्यांच्यात करार नव्हता.

“युअर टीम विन ऑर नॉट?” टॅक्सीवाला विचारायचा.

“नो गेम नाऊ. विंटर.”

“सो गुड, कॅनॉट लूज. माइन लूज एव्हरी वीक, लाह.”

बस, एवढं. एकदा तो महिनाभर दिसला नाही. चीफ रोज त्याच टेबलाशी बसत राहिले. तो राहतो कुठं हे त्यांना ठाऊक नव्हतं, नाव विचारायचं राहून गेलं होतं. मग तो आला. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. चीफ घरी येऊन मला म्हणाले, “आमचा टॅक्सीवाला परत मिळाला.” त्या दिवशी त्यांनी स्वतः गोडाचा शिरा केला. फार बिघडला होता. आम्ही खाल्ला.

बायको गेल्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. भिंतीवर तिचा फोटो होता, हसरा. ती संघाला सवत म्हणायची, असं चीफ सांगत. मुलगा पर्थला, मुलगी पुण्यात. दर रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. मुलं नीट चौकशी करायची, औषधं घेतली का, पाय सुजले का. चीफ नीट उत्तरं द्यायचे. मग दोन्हीकडून कुणाला काही सुचत नसे आणि सगळे एकमेकांना टाटा करायचे.

तिसऱ्या वर्षी चीफ बाथरूममध्ये घसरले. मी घरी होते म्हणून लगेच हॉस्पिटलमध्ये नेता आलं. हाड मोडलं नाही, पण मुलं घाबरली. पुढच्या रविवारी दोघांनी मलाही कॉलवर बसवलं. चीफ मधल्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात.

“फ्लॅट काढून टाकू,” मुलगा म्हणाला. “बाबा माझ्याकडे येतील.”

“तुझ्याकडे दिवसभर कोण असतं?” मुलगी. “माझ्याकडे राहू दे. पावसाळ्यानंतर.”

“तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असते. तूच म्हणालीस.”

“मग सहा महिने तू, सहा महिने मी.”

“दॅट वर्क्स.”

चीफ पडद्यावर एकदा या खिडकीकडे, एकदा त्या खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

“आमच्याकडे एक नियम आहे,” ते म्हणाले. “खेळाडूनं लीगमध्ये दहा वर्षं काढली असली आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तर त्याला विचारल्याशिवाय कुठं देता येत नाही. त्याला नकाराचा हक्क असतो. मी या घरात वीस वर्षांच्या वर आहे. मी नाही म्हणतोय.”

“बाबा, धिस इज नॉट बेसबॉल!” मुलगा एकदम चढ्या आवाजात म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “ताई, ह्यांना चाळीस वर्षांतले सगळे डावखुरे पाठ आहेत. मी डावखुरा आहे हे ह्यांना मी चौथीत असताना कळलं.”

चीफनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, “खरं आहे. तेव्हा मी सहा-सहा महिने बोटीवर असायचो. पण खरं आहे.”

मुलीनंच बाजू सावरली. “दादा, राहू दे ना. ताई आहेत तोवर राहू देत तिथंच. ताई, तुम्ही आहात ना?”

मी हो म्हटलं. पुण्याच्या बदलीसाठी मी ऑफिसात दोन वर्षं मागे लागले होते. चीफना ते माहीत होतं. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांनीही तो विषय काढला नाही. अट ठरली: घरात कुणीतरी भरवशाचं, कायमचं राहणारं माणूस असेल तोवर चीफ सेरंगूनमध्ये. नसेल तर सहा महिने पर्थ, सहा महिने पुणे.

पुढच्या मे महिन्यात माझी बदली झाली. मी दोन दिवस थांबले, मग शनिवारी सामना चालू असताना सांगितलं.

“चीफ, माझं पुण्याचं झालं.”

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. असं ते कधी करत नसत.

“बदल्यात त्यांना कोण मिळतंय?”

“कुणीच नाही. इथली जागाच बंद करतायत.”

“मग व्यवहार तुमच्या बाजूचा आहे. घ्या.”

“आणि तुमचं?”

“माझं मी बघेन. मुलगी कितवीत गेली तुमची?”

“नववीत.”

पडद्यावर कुणीतरी धावत होतं. चीफ त्याच्याकडे बघत म्हणाले, “जा, सेकंड. आत्ता गेलात तर ती तुमच्याशी बोलेल. उशीर केलात की मुलं बोलत नाहीत, विचारलेल्याची उत्तरं देतात.” आणि त्यांनी आवाज सुरू केला.

नवा भाडेकरू शोधायचं काम मी अंगावर घेतलं. फ्रिजवर यादी लागली. तिघं आले. पहिली एक केरळची नर्स. तिच्या ड्युट्या रात्रीच्या, म्हणून ती मुलांना चालली नसती. दुसरा रत्नागिरीकडचा तरुण मरीन इंजिनिअर. तो आला आणि चीफशी बोलतच बसला. कुठल्या कंपनीच्या बोटी, कुठलं इंजिन, कुठल्या बंदरात काय खायला मिळतं. टोपी पाहून त्यानं विचारलं, “हे कोण, चीफ?” आणि चीफनी त्याला तासभर आमच्यांचा सगळा इतिहास ऐकवला. त्यानं मधूनमधून प्रश्न विचारले, तेही बरोबर. इतके मोकळे होऊन हसताना मी चीफना कधी पाहिलं नव्हतं. तिसरा पुण्याचा, इथल्याच पाया लेबार भागात सॉफ्टवेअरमध्ये. कानात हेडफोन. खोली पाहिली, वायफाय तपासलं, “पाच वर्षं तरी हलणार नाही,” म्हणाला, आणि निघून गेला.

मी यादीवर दुसऱ्याच्या नावापुढे खूण केली. चीफनी पेन मागून घेतलं, ती खोडली आणि तिसऱ्यापुढे केली.

“अहो, पण तुमचं त्या मुलाशी किती जमलं!”

“जमलं ना,” चीफ म्हणाले. “पण तो वर्षभरात बोटीवर जाईल. मग मुलं पुन्हा खुर्च्या मांडून बसतील. याचा करार लांबचा आहे.”

“हा दिवसभरात चार शब्द बोलणार नाही.”

“नसू दे. मला इथं राहायचंय, सेकंड.”

मी जूनअखेर पुण्याला आले. फोन करायची मी, दर पंधरा दिवसांनी, तसं लिहूनच ठेवलं होतं. फोनवर चीफ थोडंच बोलायचे. समोर माणूस नसला की त्यांना बोलता येत नसे. बोटीवरची सवय असेल. सगळं उत्तम आहे, म्हणायचे. मुलंही खूश होती. बाबा सुखरूप, घरात माणूस आहे.

दीड वर्षानं ऑफिसच्या कामाला सिंगापूरला जाणं झालं. चांगीतल्या मीटिंगच्या आधी मी चीफसाठी एक तास काढला. सकाळची वेळ. दार त्यांनीच उघडलं. बारीक झाले होते. शर्ट इस्त्रीचा. घर स्वच्छ होतं, फ्रिज कोरा. माझ्या जुन्या खोलीचं दार बंद, बाहेर मोठे बूट.

“आहे आत,” चीफ हळू आवाजात म्हणाले. “घरूनच काम करतो. गॅस संपला की मला मेसेज टाकतो. मीही टाकतो. सोयीचं आहे.”

मग ते बोलायला लागले. चहा करताना बोलत होते, चहा गाळताना बोलत होते, माझ्यासमोर बसून कप हातात धरून बोलत होते. आमच्यांनी कुणाला दिलं, कुणाला आणलं, खेळात आता चेंडू टाकायला घड्याळ लावलंय ते कसं चुकीचं आहे, नवा एक पोरगा आलाय त्याचा हात कसा सैल सुटतो. टॅक्सीवाला हल्ली मुलीकडे राहतो, जुरोंगला, इकडे येत नाही. पुन्हा आमच्यांकडे. वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. दीड वर्षाचं साठलेलं होतं. मी घड्याळ पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

“निघा, निघा. उशीर नको व्हायला,” असं म्हणत ते चपला घालून माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आले. मागून फ्लॅटचं दार उघडलं. तो मुलगा कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला, “मॉर्निंग, अंकल,” म्हणाला, कचरा टाकला आणि आत गेला.

“चांगला मुलगा आहे,” चीफ म्हणाले. “काही त्रास नाही.”

लिफ्ट आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. मी पाऊल उचललं तर चीफनी माझ्या बॅगेचा पट्टा धरला.

“ही नको. ही फार रेंगाळते. पुढची घ्या.”

त्या इमारतीत मी तीन वर्षं राहिले होते. दोन्ही लिफ्ट सारख्याच चालत. दार थोडा वेळ उघडं राहिलं, मग मिटलं आणि लिफ्ट रिकामीच खाली गेली.

“तर काय सांगत होतो,” चीफ म्हणाले.